पुढं चोवीस, मागं सव्वीस

३ एप्रिल १९७४, बुधवार

आज परत सोडली!

साताऱ्याहून गाडी आली, अंगणात लिंबाखाली थांबली. अजून धूळ खाली बसली नव्हती तोवर हे वाकले. चारी चाकांना तळहात लावून बघितला, पोराला ताप आलाय का बघावं तसं. म्हणाले, "लय गरम झाल्यात." खिशातनं किल्ली काढली, व्हॉल्व्हच्या पिनीवर टेकवली. फुस्स! तोंडानं मोजणी — "एक, दो, तीन..." दहापर्यंत. मग दुसरं चाक. मग तिसरं. चारी झाली की पाठीमागं हात बांधून गाडीभोवती एक फेरी. परेडची तपासणीच!

मी विचारलं, "आवं, पण हवा सोडायची कशाला?"

"तुला काय कळतंय गाडीतलं? सतरा साल गाडी मारली मी. राजस्थानात वाळूत टायर नरम केलं की गाडी पळायची. पलटणीतला कायदा हाय हा."

उंब्रजात वाळू कुठली आणलीय? इथं हायवे. डांबर असं तापतंय की त्यावर भाकरी भाजून निघेल. पण बोलले नाही. बोलले असते तर संध्याकाळचं जेवण रुसव्यात गेलं असतं.

५ एप्रिल, शुक्रवार

सतरा वर्षं मी हे घर एकटीनं चालवलं. हे वर्षातनं दोन महिने पाहुण्यासारखे यायचे, पोळ्या खायचे, जायचे. तेव्हा मला लय वाटायचं — कधी एकदा पेन्शन होतेय. झाली! गेल्या दिवाळीला आले ते कायमचे. आता मिरची कशी चिरायची, घागर कुठं ठेवायची, कोंबड्या किती वाजता कोंडायच्या — सगळ्याला हवालदारसाहेबांची ऑर्डर. कराडच्या एका डॉक्टरांची जुनी काळी अँबॅसिडर घेतली तेव्हा मीच देवापुढं साखर ठेवली. म्हटलं, आता निदान दिवसातनं चार तास ऑर्डरी गाडीला मिळतील.

गाडी लग्नाला जाते, दवाखान्याला जाते, कोर्टाला जाते. चालवतात मात्र सुरेख. गाडीत बसलं की पोटातलं पाणी हलत नाही. हे मान्य केलंच पाहिजे.

९ एप्रिल, मंगळवार

सांगलीला गेलो होतो, मागची टायरं दाखवायला. जयपालशेठ म्हणून आहेत, मार्केट यार्डाच्या अंगाला टायरचं दुकान. पांढरं धोतर, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी टायरवरनं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हवालदार, दोन्ही कडा खाल्ल्यात, मधला भाग नवाच्या नवा. हवा कमी पडतीया तुमची."

झालं! ह्यांचा चेहरा लालबुंद. "जयपालशेठ, तुमी टायर विकता. मी टायर चालवलंय. चालत्या गोळ्यांत!" आणि चहा सांगायला म्हणून तरातरा बाहेर गेले.

मग शेठ माझ्याकडं वळले. "वैनी, तुमी तरी ऐका." आणि सांगितलं ते असं — टायर चाललं की तापतंच. तापलं की आतली हवा फुगते, काटा तीन-चार पौंड वर दाखवतो. ते जास्तीचं नसतं. ते सोडलं की सकाळी थंड झाल्यावर तेवढंच कमी पडतं. कमी हवेचं टायर चालताना पोट हलवतं, आणि त्या हलण्यानंच दुप्पट तापतं. रोज सोडत गेलं की रोज जास्त तापतं. मग एक दिवस उन्हात, भरल्या गाडीला — शेठनी नुसते दोन्ही हात उघडून दाखवले.

"मग करायचं काय?"

"हवा बघायची ती सकाळी. गाडी हलायच्या आधी. पुढं चोवीस, मागं सव्वीस. माणसं जास्त असली तर मागं दोन आणखी. गरम टायरला हात लावायचा न्हाई."

काड्यापेटीच्या मागं लिहून दिलं. आणि हवा मोजायची पितळी कांडी घेतली मी, पदराखाली. हे चहा घेऊन आले तेव्हा मी गप्प उभी, तोंड देवळातल्या बाईसारखं!

कांडी हळदीच्या डब्यात ठेवलीय. तिथं ह्यांचा हात कधी जायचा नाही.

११ एप्रिल, गुरुवार

आज पहाटे मोजलं. हे साडेचारला उठून कृष्णेवर जातात — पळणं, पोहणं, दंड. सहापर्यंत घराकडं फिरकत नाहीत. तेवढ्या वेळात हळद पुसून कांडी काढली.

पुढं सतरा. सतरा! मागं एक अठरा, एक सोळा.

आई गं. सोमवारी ह्याच गाडीतनं नवरानवरी, करवल्या, वरमाई आणि बुंदीचं पातेलं गेलं होतं.

गोठ्यातला मोठा पंप काढला. एका चाकाला पन्नास-साठ दणके. हात भरून आले, कंबर बोलायला लागली. पण चारी भरली. पुढं चोवीस, मागं सव्वीस. पंप परत गोठ्यात, कांडी परत हळदीत, मी परत चुलीपुढं. हे आले, म्हणाले, "आज तोंड का लाल?" म्हटलं, "धूर."

१४ एप्रिल, रविवार

चार दिवसांचा क्रम बसला. संध्याकाळी हे सोडतात, पहाटे मी भरते. दोघांचं बिनबोभाट चाललंय. अख्ख्या उंब्रजात एवढा कामाचा संसार दुसऱ्या कुणाचा नसेल.

सांगून टाकावं असं वाटतं मधनंमधनं. पण एकदा सांगितलं की हे पंपाला कुलूप घालतील. ह्यांना मी ओळखते. त्यांच्या डोक्यात एकदा खिळा बसला की पक्कडीनं निघत नाही. आणि खरं सांगायचं तर — मजाही येते! एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ह्यांच्यापासून काही लपवलंय. लय बरं वाटतंय.

१७ एप्रिल, बुधवार

मनूचं पत्र. आमची मनू, तासगावला दिलेली. सातवा लागला. वैशाखात डोहाळजेवण, ते झालं की पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं. ह्यांनी पत्र दोनदा वाचायला लावलं मला. मग म्हणाले, "यष्टीत हादरे बसत्यात. मीच आणतो पोरीला. गाडी कशाला घेतलीया?"

खरं आहे. गाडी त्याच्यासाठीच.

पहाटे आज जरा जास्तच मन लावून भरलं. व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघितलं, बुडबुडा येतो का. नाही आला. दोन टोपणं हरवली होती, ती जयपालशेठकडनं मागवते. खाचांत अडकलेले खडे केसांतल्या आकड्यानं काढले. डाव्या मागच्यात बैलाच्या नालेचा खिळा! कारखान्याकडच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची बैलं हे दान टाकत जातात. नशीब, तिरका शिरला होता. पार गेला नव्हता.

१९ एप्रिल, शुक्रवार

घात! चंद्राबाईनं बघितलं.

चंद्राबाई म्हणजे शेजारीण. तिच्या कानावर काही गेलं तर ते वेशीपर्यंत जायला तिला चप्पलसुद्धा लागत नाही. मी पुढच्या चाकापाशी वाकलेली, पंप हातात, घामाघूम. ती कुंपणावरनं — "आगं शालू, हे काय मांडलंस पहाटं पहाटं?"

काय सुचावं! म्हटलं, "नवस आहे."

"नवस? चाकाला?"

"चाळीस दिवस. पहाटे उठून, कुणाशी न बोलता, चारी चाकांत वारा भरायचा. मारुती वाऱ्याचा लेक ना? त्याला वारा पोचतो." हे माझ्या तोंडातनं कसं निघालं ते त्या मारुतीलाच माहीत. "पण बापयाला कळलं तर नवस फुकट जातो बघ."

तिचे डोळे हे एवढे झाले. "मलाबी करता येईल का गं?"

मी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. मग म्हटलं, "मागचं डावं चाक घे तू."

२३ एप्रिल, मंगळवार

चंद्राबाईचे दंड म्हणजे जात्यावर कमावलेले. मला साठ दणके लागतात तिथं ती पस्तिसांत सव्वीसला नेते. आता मी फक्त कांडी धरते आणि ओठ हलवते. तिला वाटतं मंत्र. मी म्हणते, "बावीस... चोवीस... पंचवीस..."

तिचं मागणं काय, तर म्हैस गाभण राहावी.

हसू आवरता आवरेना. तोंडाला पदर लावून चुलीपुढं बसले तर हे म्हणाले, "पुन्हा धूर?"

२७ एप्रिल, शनिवार

हवालदारसाहेबांचं भाषण झालं आज. पारावर. मी पाणी आणायला गेले तर आवाज आडापर्यंत.

"बघा, ह्या उन्हात साताऱ्याला जाऊन आलो. टायर हाताला गरम लागत न्हाई! इतरांची तापत्यात, फुटत्यात. का? तर हवेचा हावरटपणा! गाडी थांबली की दहा मोजायचे, सोडायची. पलटणीचा कायदा!"

टायर का तापत नाही ते मला माहीत आहे आणि चंद्राबाईच्या दंडांना. मला उभ्या उभ्या फुटायची वेळ आली. घागर सांडली निम्मी.

घरी आल्यावर मात्र मुद्दाम विचारलं, "आवं, सकाळी परत मोजता का कधी, किती राहिली ते?"

"मोजायला काय, मला अंगठ्याला कळतंय."

अंगठ्याला! रोज सव्वीस भरलेल्या टायरला अंगठा लावून हे म्हणतात, "नरम हाय. बरोबर हाय."

२ मे, गुरुवार

चंद्राबाईची म्हैस गाभण!!

आता काय करू? आज पहाटे कुंपणापाशी तीन बायका उभ्या. एकीच्या लेकाची नोकरी, एकीची कंबर, एकीनं तर तोंडातनं मागणंच काढलं नाही, नुसती लाजली. चाकं चार, बायका पाच! शेवटी एकीला डिकीतली स्टेपनी दिली. म्हटलं, "हे गुप्त चाक. ह्याचं पुण्य जास्त." स्टेपनीत बघते तर हवा नावाला नाही. तशीच किती महिने फिरत होती कोण जाणे. भरून घेतली पुरी.

आता सगळं गाव एक दिवस पंपाला लागणार आणि हे कृष्णेवरनं येऊन बघणार. तेवढं व्हायच्या आत मनू घरी आली म्हणजे झालं. मग सांगेन. खरंच सांगेन.

६ मे, सोमवार

आज हसण्यावारी न्यायचं नाही असं झालं.

भाऊसो, वरच्या आळीतले, ट्रॅक्टरवाले. त्यांनी पारावरचं भाषण मनावर घेतलं. ट्रॉलीच्या चाकांची हवा सोडून उसाचा पाला भरला. टायर रिमवरनंच उतरलं, ट्यूबच्या चिंध्या. कुणाला लागलं नाही. भाऊसो म्हणाले, "हवालदार, तुमचा कायदा आमाला न्हाई पावला."

हे म्हणाले, "तुमचं मोजायचं चुकलं आसंल."

मोजायचं नाही चुकलं. त्यांच्या गोठ्यात रोज पहाटे भरणारी बाई नाही, एवढंच. हे मला पारापाशी उभ्या उभ्या कळलं आणि हसायला आलं नाही. ह्यांचा कायदा मी खरा करून दाखवला आहे. महिनाभर झाकत आलेय, म्हणून तर हे छाती काढून गावाला सांगतात!

सांगायला पाहिजे. मनू आली की लगेच. आता सांगितलं तर भांडण होईल, आणि रागात हे तसेच जातील पोरीला आणायला.

९ मे, गुरुवार

पहाटे निघाले तासगावला. उद्या डोहाळजेवण, परवा सकाळी मनूला घेऊन निघायचं. मीही जाणार होते. पण गाय व्यायची घडी, आणि तिच्यापाशी दुसरं कुणी नाही. ह्यांनी सांगितलं, "तू ऱ्हा. मी हाय की."

मनूसाठी लाडू, हिरवी साडी, हिरव्या बांगड्या दिल्या. चंद्राबाईनं आणि मी मिळून गाडी तयार केली ती अशी की जयपालशेठनी बघितली असती तर पाठ थोपटली असती. पुढं चोवीस. मागं येताना माणसं जास्त, म्हणून अठ्ठावीस.

हे बसताना मला म्हणाले, "काळजी करू नको. टायर नरम हाय."

मी म्हटलं, "व्हय." आणि ते वळणाआड गेल्यावर पोट धरून हसले. शेवटचंच हसू म्हणून हसून घेतलं, आता सांगायचंच आहे म्हणून.

१० मे, शुक्रवार

गाय व्याली. खोंड.

दुपारी चीक तापवत होते. चूल फुरफुरत होती. आणि एकदम चीक उतू गेला.

हे काल सकाळी तासगावला पोचले असणार. गाडी तापलेली असणार. हे उतरले असणार, तळहात लावला असणार. दहा मोजले असणार. चारी चाकं. आणि उद्या पहाटे तिथं कोण भरणार? तिथं मी नाही. चंद्राबाई नाही. उद्या तसेच निघणार. मनूला मागं बसवून, बरोबर विहीणबाई, बोचकी, बेदाण्याचं पोतं. वैशाखाचं ऊन.

एवढे दिवस मला वाटत होतं मी किती हुशार! हे माझ्या डोक्यात यायला चीक उतू जावा लागला.

पोस्टात पळत गेले. तार करायची तर काय लिहायचं? मास्तर म्हणाले, "मजकूर सांगा." मी सांगितला — हवा सोडू नका, भरून घ्या, पुढं चोवीस मागं सव्वीस. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू बाईला ऊन लागलंय. "उद्या दुपारपर्यंत पोचेल," म्हणाले. हे सकाळीच निघणार. तरी केली.

११ मे, शनिवार. दुपारचे बारा

अकराला यायला पाहिजे होते.

११ मे. दोन वाजता

अजून नाही. चंद्राबाई येऊन बसलीय. तिला सगळं सांगितलं. नवस नव्हता, काही नव्हतं. ती म्हणाली, "मग माझी म्हैस?" मी म्हटलं, "बाई, तुझी म्हैस तिच्या नशिबानं." ती उठून गेली नाही. माझा हात धरून बसली.

देवा, माझी चेष्टा माझ्या लेकीच्या अंगावर आणू नको.

११ मे. संध्याकाळ

आले. सगळे धड आहेत. मनू धड आहे. तिच्या पोटावर हात ठेवून बघितला, पोर आत लाथ मारतंय. मी तिथंच दारात बसले.

मनूनं सांगितलं. पलूसच्या अलीकडं, उताराला, धडाम्! मागचं डावं. गाडी शेपूट टाकायला लागली. समोरनं उसाची बैलगाडी. विहीणबाई ओरडल्या, "ब्रेक मारा!" ह्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. दोन्ही हातांनी स्टेअरिंग असं धरलं की दंडाच्या शिरा वर आल्या. ॲक्सिलेटर सोडला, गाडी सरळ ठेवली, हळूहळू हळू वेग मोडू दिला, आणि बाजूच्या वावराच्या कडेला आणून उभी केली. अंड्याची टोपली ठेवावी तशी.

"मग काय म्हणाले गं?"

"काहीच न्हाई. उतरले. फाटलेल्या टायरपाशी बसले ते बसलेच. लय वेळ. मी हाक मारली तर बघितलंच न्हाई माझ्याकडं. मला वाटलं, आबांना काही झालं का काय. मग स्टेपनी लावली आणि इथवर तीसच्या वर पळवली न्हाई."

हे अंगणात गाडीपाशी उभे आहेत. जेवायला बोलावलं तर "भूक न्हाई" म्हणाले. गाडी गरम आहे. मी खिडकीतनं बघतेय. किल्ली हातात आहे. वाकले. मला वाटलं आज तरी नाही. पण किल्ली टेकवलीच. एक, दो, तीन... आणि मोजता मोजता मधेच थांबले.

१२ मे, रविवार

सांगितलं. एका दमात. जयपालशेठ, कांडी, हळदीचा डबा, पहाट, पंप, चंद्राबाई, नवस, सगळं. म्हटलं, "काय बोलायचं ते बोला. मारायचं तर मारा. पण मनूला परत सोडायला जाताना मी चाकं भरणार, आणि तुमी मोजताना शेजारी उभी राहणार."

हे खाटेवर बसून पायाकडं बघत होते. म्हणाले, "ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"कृष्णेवरनं येताना वळणाला पंप ऐकू येतो. पहिल्या आठवड्यापासनं. मी तिथं वडाखाली थांबायचो, तुमचं उरकंपर्यंत."

मेले! महिनाभर मी लपतछपत, हळद पुसत, धुराची कारणं सांगत, आणि हे वडाखाली बसून दणके मोजत होते! तोंडात येईल ते बोलले मी. पारावरची भाषणं कशाला? भाऊसोची ट्रॉली? सकाळी अंगठा लावून "नरम हाय" ते कशाला? ठाऊक होतं तर मग तासगावला का सोडली? तिथं मी होते का?

तेव्हा म्हणाले, "तू तिथं न्हाईस हे ध्यानातच आलं न्हाई गं."

आणि भिंतीकडं तोंड करून पडले. मला एवढा राग आला होता की भाकऱ्या करपल्या. पण त्या आवाजात काहीतरी होतं. तसा आवाज मी आजवर ऐकला नाही.

१३ मे, सोमवार

आज पहाटे हे कृष्णेवर गेले नाहीत. मी पंप काढला तर येऊन शेजारी उकिडवे बसले आणि माझ्याकडं न बघता बोलले. रहिमतपूरचा केरबा म्हणून एक होता ह्यांच्या गाडीवर. हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. लढाईत, बाडमेरच्या पुढं, वाळू लागायच्या आधी हवा सोडायची ऑर्डर आली होती. हे म्हणाले होते, "पुढं कडक जमीन हाय, परत कोण भरत बसंल." नाही सोडली. गाडी रुतली. केरबा फावडं घेऊन चाकाखालची वाळू काढायला उतरला, आणि विमान आलं.

"दोन मिनिटाचं काम होतं शालू," म्हणाले. "गाडी गरम होऊन थांबली की हात आपसूक जातो. मला थांबवता येत न्हाई. तू भरत जा."

मी पंप त्यांच्या हातात दिला आणि कांडी घेऊन खाली बसले. दोघांनी मिळून चारी चाकं भरली. हे दणके मारत होते आणि रडत होते, आणि मी पौंड मोठ्यानं मोजत होते, म्हणजे त्यांचं रडणं शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये.